होळीनंतर टेकडी बंद

दगडावरचा चुना सहजासहजी निघत नाही. ओल्या पोत्यानं घासला, नारळाच्या शेंडीनं घासला, शेवटी दगडच उलटे करून ठेवले. असे चौदा दगड मी गेल्या हिवाळ्यात उलटे केले. त्यांच्यावर दसऱ्याच्या सुमारास ठिपके मारणारे आम्हीच, गावातले तीन पोट्टे आणि मी. टेकडीला पूर्ण वळसा घालणारी नऊ किलोमीटरची सायकलवाट काढायची होती. ती आखण्यात आमचे पाच रविवार गेले होते.

उलटे केलेले सगळे दगड पश्चिम उतारावरचे, नाल्याकडचे. पूर्वेकडचे ठिपके अजून शाबूत आहेत आणि त्या बाजूनं आता साडेपाच किलोमीटरची वाट जाते. नागपूर-वर्ध्याहून सायकली घेऊन येणारे हमखास विचारतात, "भाऊ, वाट मधातच काहून थांबली? पलीकडचा उतार तर याच्याहून भारी आहे." भारी आहेच. तो उतार मी शंभरदा डोळ्यांनी उतरलो आहे. वाट तिथं का जात नाही, हे उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतो.

मी कापूस-तुरीचा शेतकरी, वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, हिंगणी-बोरधरणच्या पट्ट्यातला. मागे बोरचं जंगल. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा १३८ चौरस किलोमीटरचा. एवढ्याशा जागेत जन्मलेलं वाघाचं पिल्लू मोठं झालं की त्याला बाहेर पडावंच लागतं. ते बाहेर पडतं म्हणजे आमच्या तुरीतून, पऱ्हाटीतून, नाल्यानाल्यानं पुढं सरकतं. आमची टेकडी अभयारण्याच्या बाहेर आहे, पण वाघाजवळ नकाशा नाही. २०१७ साली ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली एक तरुण वाघीण दोन-अडीच महिने गावागावांच्या शिवारातून चालत होती. ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यात, शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. त्या दिवसांत आमच्या गावात संध्याकाळी सहालाच दारं लागत होती. ती मेल्याची बातमी आली तेव्हा पारावर बसलेल्यांपैकी कोणीच 'बरं झालं' म्हटलं नाही, हे मला चांगलं आठवतं.

माझी माउंटन बाइक २०१९ची. नागपुरात जुनी घेतली, अठरा हजाराला. समोर शॉकअप, मागं काही नाही. आधी शेतावर जायला बाबांची बावीस इंची काळी सायकल होती, तिच्यावर बरडीतून जाताना हाडं खिळखिळी व्हायची. या नव्या सायकलीवर तीच बरड वेगळी वाटू लागली. मुरमावर टायर कसा धरतो, उतारावर ढुंगण सीटच्या मागं कुठवर न्यायचं, पुढचा ब्रेक केव्हा सोडायचा, हे मी पडून पडून शिकलो. चाळिशीत आलेल्या माणसाला पुन्हा काहीतरी नवं शिकता येतं, याचा आनंद मोठा असतो. तो मला या खेळानं दिला आणि माझा या खेळावर जीव आहे. पुढचं सगळं त्या जीवापोटीच लिहितो आहे.

आता पहिल्या वाटेचं सांगतो, कारण त्याशिवाय दुसरीचं कळणार नाही.

२०२०च्या टाळेबंदीत कापूस घरात पडून होता आणि हाताला काम नव्हतं. मी एकट्यानं विळा, पावडा, सब्बल घेऊन टेकडीच्या उत्तर अंगाला दोन किलोमीटरची वाट पाडली. झुडपीतून. कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. गावाची टेकडी, आपण लहानपणापासून तिथं बोरं खातो, एवढाच विचार. घाणेरी तोडली, तरोटा काढला, दोन वळणांना दगड रचले. जून लागेपर्यंत वाट इतकी सुरेख झाली होती की मी रात्री अंथरुणावर पडून ती मनातल्या मनात चालवायचो.

दिवाळीपर्यंत त्या वाटेवर मोटारसायकलीच्या चाकोऱ्या दिसू लागल्या. आधी वाटलं, गावातलंच कोणी सरपणाला येत असेल. मग सागाचे दोन बुंधे दिसले, आरीनं कापलेले, ताजे. जिथं आधी डोक्यावर मोळी घेऊन माणूस जेमतेम शिरायचा, तिथं आता गाडी शिरत होती. ती सोय मी करून दिली होती. आणि जानेवारीत एका सकाळी, माझ्या आवडत्या दुसऱ्या वळणावर, दोन खुंट्यांच्या मधात मला फासा दिसला. मोटारसायकलच्या क्लच वायरचा. सशासाठी असेल किंवा रानडुकरासाठी. फाशाला निवड करता येत नाही, चितळाचा पाय आला तरी तो आवळतो आणि बिबट्याची मान आली तरी आवळतो. माझी वाट झाल्यापासून जनावरंही तिच्यावरूनच चालत होती, कारण मोकळ्या वाटेनं चालणं त्यांनाही सोपं जातं. ज्यानं फासा लावला त्याला ते माहीत होतं. मला नव्हतं.

तो फासा काढून मी घरी आणला. तो अजून माझ्या गोठ्यातल्या खुंटीला आहे.

त्या वाटेचा मी सत्यानाश केला. दगड पाडले, तोंडाशी बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, उताराच्या जागी आडवे चर खोदले. करायला दोन महिने लागले होते, मोडायला चार गेले. दोन पावसाळ्यांनंतर तिथं पळस आणि बोरी उभ्या राहिल्या आणि आता ती जागा माझ्याशिवाय कोणाला दाखवता येणार नाही. सायकलवाट म्हणून केलेली वाट फक्त सायकलीची राहत नाही, हे मला तिथं समजलं. तिला बंद करायची सोय नसेल तर ती करूच नये, असं तेव्हापासून माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या वाटेचा विषय निघाला तो गावातल्या पोट्ट्यांमुळे. माझ्या मागं मागं फिरून तिघं चांगले सायकलवाले झाले. त्यांची ओळख शहरातल्या एका गटाशी झाली आणि तिकडून विचारणा आली: टेकडीभोवती पूर्ण फेरी करा, शर्यत ठेवू, चारशे लोक आणू. गावात पैसा येईल, जेवणं लागतील, मुक्काम होतील. पोट्ट्यांचे डोळे चमकले. माझेही चमकले, खोटं कशाला बोलू.

या वेळी मात्र शिकून करायचं ठरवलं. चांगली वाट कशी असते याचे काही नियम जगभर मानले जातात. वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी शंभराला दहाच्या आत राहावा. पाणी वाटेवरून आडवं उतरून गेलं पाहिजे; ते वाटेच्या लांबीनं धावू लागलं की एका पावसाळ्यात तिचा नाला होतो. म्हणून वाट थोडी बाहेरच्या बाजूला कललेली ठेवायची आणि मधून मधून तिला खाली-वर अशी लाट द्यायची. हे वाचताना माझ्या लक्षात आलं की यातलं अर्धं मला येतं. पाणलोटाच्या कामावर समतल चर खोदले तेव्हा ए-फ्रेम हातात धरलीच होती! तीन बांबू, एक दोरी, मधात लोंबणारा दगड. त्याच ए-फ्रेमवर आम्ही टेकडीचे उतार मोजले. पोट्ट्यांना वाटलं होतं काहीतरी यंत्र लागेल.

पाच रविवारांत आखणी झाली. सहाव्या रविवारी पश्चिम उतारावर आम्हाला गावचा गायकी, म्हणजे गुराखी, भेटला. सत्तरीचा माणूस, सगळं गाव त्याला बाबाजी म्हणतं. ढोरं खाली सोडून सालईखाली बसला होता. चुन्याचे ठिपके त्यानं आधीच पाहिले होते.

"बाबू, हे पांढरं पांढरं तुमीच केलं काय?"

"हो बाबाजी. सायकलीची वाट काढून राहिलो."

"काढा न. पण इकडून नोका काढू."

"काहून?"

"खाली डोह आहे न. चैतात साऱ्या जंगलाले पाणी एवढंच. मी चाळीस वर्षं ढोरं चारून राहिलो, पण होळी झाली का मी इकडं ढोरंबी आणत नाही. त्याइचं त्याइले राहू द्याव."

डोह मला माहीत होता. उन्हाळ्यात त्यात पाणी असतं हेही माहीत होतं. पण होळीनंतर बाबाजी तिकडं ढोरं नेत नाही, ही गोष्ट त्याच गावात राहून मला माहीत नव्हती. चाळीस वर्षं पाळलेला नियम, कुठं लिहिलेला नाही, कोणी लावलेला नाही.

त्या दिवसापासून मी पहाटे तिथं जायला लागलो, पायी. संध्याकाळी डोहाकडे उतरणाऱ्या वाटेवर दोन हात रुंदीची धुळीची पट्टी हातानं सपाट करून ठेवायची आणि सकाळी येऊन वाचायची. पुष्कळ वर्षं वनविभागात वाघांची मोजणी अशाच ठशांवरून व्हायची; माझे एक काका मोजणीच्या कामावर मजुरीनं जायचे, त्यांच्याकडून ही पट्टी मी शिकलो. पहिल्याच आठवड्यात रोही (नीलगाय), रानडुक्कर, चितळ, भेकर, साळींदर, तडस. दुसऱ्या आठवड्यात बिबट, तीन वेळा, एकाच दिशेनं. आणि अस्वल. अस्वलाचा मागचा पाय पाहून दरवेळी अंगावर काटा येतो, इतका तो माणसाच्या पावलासारखा असतो. हे सगळं हिवाळ्यात, जेव्हा दुसरीकडेही पाणी होतं. चैतात काय होत असेल ते मला पट्टी न करताही समजलं.

रात्री मोबाइलवर जे मिळेल ते वाचत गेलो. इंग्रजी अडतं, पण पुतणीनं मदत केली. अमेरिकेत युटा राज्यात अँटिलोप नावाचं बेट आहे. तिथं पायी फिरणारे आणि सायकलवाले यांना पाहून बायसन आणि हरणं कशी वागतात याचा अभ्यास झाला, २००३ साली तो छापून आला. जनावरांनी दोघांत फरक केला नाही. वाटेपासून १०० मीटरच्या आत असलेलं जनावर उठून पळण्याची शक्यता ७० टक्के होती, मग माणूस पायी असो की सायकलवर. आमच्यातले काही जण हे वाचून खूश होतात, 'पाहा, सायकल काही जास्त त्रास देत नाही.' पण पायी माणूस तासाला चार किलोमीटर जातो आणि मी बारा जातो. म्हणजे तेवढ्याच वेळात मी तिप्पट जनावरं उठवतो. ओरेगॉनमधल्या स्टार्की नावाच्या संशोधन-जंगलात एल्क हरणांवर असाच प्रयोग झाला होता. तिथं सर्वांत जास्त पळापळ एटीव्ही नावाच्या छोट्या चारचाकी रानगाड्यांनी झाली, त्यांच्या खालोखाल सायकलींनी, आणि पायी माणसांनी व घोड्यांनी कमी.

मी शेतकरी आहे, मला हिशेब एकरात समजतो. नऊ किलोमीटरची, मीटरभर रुंदीची वाट म्हणजे सव्वादोन एकर. एवढ्या मोठ्या टेकडीतले सव्वादोन एकर, त्यात काय जातं, असं कोणीही म्हणेल, मीही म्हटलं होतं. पण दोन्ही अंगांना शंभर-शंभर मीटर धरले तर तीच वाट १८० हेक्टर होते, जवळजवळ साडेचारशे एकर. आणि आमची वाट तर गोल होती. वर्तुळाच्या आतली टेकडी, बाहेरची डोहाकडची, जनावर कुठूनही कुठंही गेलं तरी त्याला आमची वाट ओलांडावीच लागणार होती. त्या रात्री कागदावर तो गोल काढून मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

शहरातल्या मित्रांचं म्हणणं असं की जनावरांना सवय होते. होते, पण कशाची? टेकडीवरची चितळं बाबाजीला पाहून मान वर करतात आणि पुन्हा चरू लागतात. तो रोज त्याच वेळेला, त्याच चालीनं, ढोरांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज घेऊन येतो. सायकल आवाज न करता येते आणि एकदम वळणावर उगवते. तीच चितळं मला पाहून उधळतात. हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं आहे.

अस्वलाचं तर याहून वाईट. वारूळ उकरताना त्याला आजूबाजूचं भान नसतं, नजर मुळातच अधू. दचकलं की ते पळत नाही, अंगावर येतं. आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, ती वाघापेक्षा अस्वलाला जास्त भिते. २०१६ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात उतारावरून वेगात येणारा एक सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला. जंगल जाणणारा, कामानंही जंगलातलाच माणूस होता तो. समोरचं दिसत नव्हतं आणि वेग जास्त होता, इतकंच. पश्चिम उतारावरची आमची सातवी ते अकरावी वळणं मला त्यानंतर वेगळीच दिसायला लागली. तिथं दोन्ही बाजूंना करवंदी-घाणेरीची भिंत आहे आणि आमचा सगळा आनंद तिथं वेगात शिरण्यातच होता.

आता जे सांगतो ते बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. त्या थंड देशांत सल्ला असतो की जनावरं पहाटे आणि सांजेला फिरतात, तर तुम्ही दुपारी सायकल चालवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जातो. अकरा वाजता मुरूम तापून टायरचा वास येतो. उन्हाळ्यात आमचा सायकलवाला निघतो पहाटे साडेचारला, नाहीतर सूर्य बुडाल्यावर डोक्याला बत्ती बांधून. म्हणजे नेमक्या त्याच वेळा, ज्यांत तहानलेलं जनावर सावली सोडून पाण्यावर येतं. विदर्भाच्या उन्हानं आम्हा दोघांना एकाच दोन तासांत कोंबलं आहे. त्यात माघार कोणी घ्यायची? मी घरी येऊन थंड माठातलं पाणी पिऊ शकतो. सांबराला डोह सोडून दुसरीकडे जाता येत नाही.

बत्त्यांचंही तसंच. हल्लीच्या हेडलाइट म्हणजे मोटारीसारखा झोत. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातलं पेंच २०२४ साली देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झालं, रात्रीचा काळोख जपण्यासाठी. काळोख ही जपायची वस्तू आहे हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. आता डोहावरच्या पौर्णिमा पाहिल्यावर पटतं.

ग्रामसभेत विषय आला तो पौष महिन्यात. समाजभवनात सव्वाशे माणूस जमलं होतं, त्यातल्या निम्म्या बाया. आधी मी कायद्याचं बोललो. टेकडीचा उत्तर भाग झुडपी जंगल. विदर्भाबाहेर हा शब्द फारसा माहीत नसतो. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल दप्तरातून आलेली ही नोंद, आणि कित्येक वर्षं लोक त्याला पडीक जमीनच समजत आले. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की झुडपी जंगल हे वनच धरायचं. म्हणजे २०२०ची माझी वाट आज केली असती तर सरळ वनजमिनीवरचा गुन्हा. ते मी सभेत उभं राहून सांगितलं. मग वाटेचं, पैशाचं, डोहाचं.

धाब्यावाल्या भावाचा मुद्दा होता की चारशे लोकांची शर्यत सोडून आपण वीस-पंचवीस लोकांची वाट करतो आहोत, यात गावाला काय मिळणार. मुद्दा खोटा नव्हता. गावातली अर्धी पोरं पुण्याला कंपनीत आहेत, ती का गेली हे सगळ्यांना माहीत आहे. मग मागून एक काकू उठल्या, बचत गटाच्या.

"होळीपासून बंद म्हणता, तं आमी मोहाले पहाटेच जातो न. तेंदूपत्त्यालेबी जातो. आमालेबी बंद करता काय?"

सभा एकदम गप्प झाली. मी उत्तर दिलं ते आजही मला बरोबर वाटतं. मोह आणि तेंदूपत्ता हा त्यांचा वर्षाचा किराणा आहे, मुलांची फी आहे. माझी सायकल हा माझा शौक आहे. दोन्ही एका तराजूत घालायचेच नाहीत. जनावरांसाठी जे सोडायचं ते आधी शौक करणाऱ्यानं सोडायचं. उलट मोहाच्या दिवसांत पहाटे वाकून फुलं वेचणाऱ्या बाईच्या मागून जनावर उठवून तिच्या दिशेनं हाकलणारी सायकल नको, म्हणून तर वाट बंद. जंगलात आधीच जीव मुठीत धरून जातात त्या. काकू म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि बसल्या. त्यानंतर धाब्यावाला भाऊसुद्धा फार बोलला नाही.

गोल तोडायचा ठरला तो त्याच सभेत. आता वाट पूर्वेकडूनच जाते आणि त्याच वाटेनं परत येते. पायथ्याशी पांदण, मग कालव्याचा सेवा रस्ता, मग चार शेतकऱ्यांच्या खाजगी बरडीतून वर. चौघांनी लेखी संमती दिली, तीन वर्षांची, मोडायचा हक्क त्यांच्याकडे. नवीन खोदकाम त्यांच्याच बरडीत, सव्वा किलोमीटरचं. बाकी सगळं जिथं बंडी आणि ट्रॅक्टर आधीच जातात तिथूनच. वरच्या टोकाला वनविभागाची जाळरेषा लागते. वणवा पसरू नये म्हणून हा पट्टा दर हिवाळ्यात साफ होतोच, तर तिच्यावरून आणखी दीड किलोमीटर जायची परवानगी आम्ही मागितली आहे, अजून उत्तर आलेलं नाही, आणि ते येईपर्यंत आम्ही तिच्यावर चाक ठेवत नाही. पोट्ट्यांना मी सांगत असतो, हा खेळ जन्मलाच जाळरेषेवर. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या डोंगरांवर वणवा विझवायला केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या जाड टायरच्या सायकली खाली सोडायचे ते लोक, १९७६ साली पहिली शर्यत तिथंच झाली. नवीन जंगल न कापता हा खेळ होतो, त्याचा पुरावा त्याच्या जन्मातच आहे.

वळणांवर समोरचं तीस पावलं दिसेल एवढं गवत आम्ही कापतो, आणि जिथं तेवढं दिसत नाही तिथं आडवे दगड घालून वेग आपोआप कमी होईल असं केलं आहे. प्रत्येक सायकलला घाटी बांधायची. ही कल्पना पुतणीची. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो तीच, पितळी. पांदणीच्या तोंडाशी खोक्यात ठेवलेल्या असतात, जाताना घ्यायच्या, येताना ठेवायच्या. शहरातल्यांना आधी विचित्र वाटतं, पण दोन फेऱ्यांनंतर तेच मागून घेतात. निघण्याआधी टायरही धुवायचे, हातपंपावर. गाजरगवताचं बी चिखलाबरोबर येतं आणि आमच्या बरडीत ते अजून पसरलेलं नाही. पाऊस झाला की तीन दिवस बंद, कारण खालची काळी माती. तिच्यात चाक गेलं की ती फोर्कपर्यंत भरते आणि वाटेची चाळण होते.

वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. दिवाळी ते होळी. होळीनंतर टेकडी बंद, पांदणीच्या तोंडाशी बांबूचं फाटक आणि त्याला साखळी.

सगळ्यांना पटलं आहे असं नाही. तो शहरातला गट शर्यत घेऊन दुसरीकडे गेला. तिघांपैकी एक पोट्टा माझ्याशी महिनाभर बोलला नाही, कारण पश्चिम उताराचं स्वप्न त्याचंही होतं आणि ते मोडताना मी त्याला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. ती माझी चूक होती. बाबाजी भेटला त्याच वेळी त्याला पहाटे सोबत न्यायला हवं होतं. नंतर नेलं. तीन दिवस आम्ही डोहाच्या वर धावड्याच्या झाडावर बसलो. तिसऱ्या दिवशी रानकुत्र्यांची टोळी आली, पाणी प्यायली, ओल्या वाळूत लोळली आणि गेली. तो झाडावरून उतरला आणि काही न बोलता खाली गेला. दुसऱ्या दिवशी फाटकाचे बांबू त्यानंच आणले.

एका मित्रानं विचारलं होतं, तू एक उतार सोडून असा काय फरक पडणार, तिकडं महामार्ग होतात, खाणी होतात. मी त्याला नागपूर-जबलपूर रस्त्यावर घेऊन गेलो. पेंचच्या जंगलातून जाताना तिथं रस्ता उचलून खाली जनावरांसाठी मोकळी जागा सोडली आहे, लहान-मोठे मिळून नऊ ठिकाणी. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९ साली तिथं कॅमेरे लावले, तर अठरा जातींची जनावरं खालून जाताना दिसली, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ. वरून ट्रक चालले आहेत आणि खालून वाघीण चालली आहे. जागा सोडली की ते येतात. तिथं कोट्यवधी रुपये लागले. आमच्या टेकडीवर फक्त चौदा दगड उलटे करायला लागले, एक दुपार.

यंदा धुळवडीच्या संध्याकाळी फाटक लावलं. काकूंनी साखळीला हळदीकुंकू लावलं, का ते मी विचारलं नाही. घाट्या सगळ्या मोजून गोठ्यात आणल्या, सव्वीस होत्या, एक कोणीतरी घेऊन गेलं आहे.

परवा बाबाजी कालव्यावर भेटला. म्हणाला, "अस्वल आलतं तुमच्या वाटेवर. फाटकाखालून गेलं. दुसऱ्या वळणाची माती सारी उकरून ठेवली, खाली वारूळ होतं वाटते." ते वळण आम्ही आठ दिवस खपून बांधलं होतं. दिवाळी झाली की पावडा घेऊन जाईन आणि वारूळ सोडून दोन हात वरून घेईन.